गाईच्या जिभेची फरशी

नुआलाच्या स्वयंपाकघराची जमीन सिमेंटची होती. दर नाताळाआधी तिला तांबडा रंग द्यायचा, आणि ईस्टर येईपर्यंत सिंकपुढे दोन पावलांएवढा रंग उडालेला असायचा. डावं पाऊल जरा जास्त, कारण नुआला डाव्या पायावर भार देऊन उभी राहते. तिच्याआधी तिची आई डेलिया तिथेच उभी राहायची, तिच्याआधी नॅनआत्या. तिघींनी एकीमागून एक त्याच जागी उभं राहून वर्षानुवर्षं भांडी घासली. त्याची नोंद कुठे असेल तर या जमिनीवर.

फेब्रुवारीतल्या गुरुवारी सकाळी नुआला चुलीपुढे गुडघे टेकून आईचे पाय धूत होती. आई चौऱ्याऐंशीची. डोळ्यांपुढे धुकं आलेलं, ते आता हटणारं नव्हतं. नोव्हेंबरात न्हाणीघरात पाय घसरून ती पडली होती, तेव्हापासून तिने न्हाणीघराचं नावच टाकलं होतं. चुलीपुढे खुर्ची, खुर्चीपुढे पाण्याचं भांडं, आणि टर्फच्या, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या मातीच्या, विटांची मंद आच, एवढीच तिची अंघोळ.

"पाणी गार आहे का गं?"

"पाणी नाही, तुझे हात गार आहेत," आई म्हणाली, आणि पाय पाण्यात हलवत तिच्या आईकडून आलेलं गाणं गुणगुणू लागली:

लेकाच्या नावाची जमीन गं ओली,
लेकीच्या नावाची दारामागे खोली.
लेकाच्या नावाचा उंबरा दगडाचा,
लेकीच्या नावाचा धूर गं चुलीचा.

मागचं दार वाजलं. पुढचं दार आमच्याकडे दोनदाच उघडतं, फादर येतात तेव्हा आणि शवपेटी निघते तेव्हा. मागच्या दाराने आला तो फर्गल, नुआलाचा धाकटा भाऊ.

"देव भलं करो घरातल्यांचं," म्हणत त्याने टोपी काढली. "फादर टूहींनी यादी वाचली. यंदाची घरमिस्सा आपल्याकडे. एप्रिलात."

घरमिस्सा वाडीतल्या घराघरांत पाळीने फिरते. पाळी यायला सोळा-सतरा वर्षं लागतात. त्या दिवशी फादर मिस्सा, एरवी चर्चमध्ये होते ती उपासना, स्वयंपाकघराच्या टेबलावर करतात, शेजारीपाजारी तिथेच गुडघे टेकतात आणि मग तिथेच नाश्त्याला बसतात. म्हणून घरं आमच्याकडे मिस्सेच्या हिशेबाने नवी होतात. छप्पर कधी घातलं विचारा, तर उत्तर येतं, 'आमची मिस्सा होती त्या वर्षी.'

"मग जमिनीला रंग द्यायला हवा," नुआला म्हणाली.

"रंग कसला देतेस! सगळं नवं करू. स्वयंपाकघर, न्हाणीघर, फरशी, टाइल्स, कपाटं. पॅकीला सांगून ठेवलंय मी."

"आणि निवडायचं कुणी?"

"तू. आणखी कोण? स्वयंपाकघर कुणाचं आहे?"

नुआलाचा हात पाण्यातच थांबला. बावन्न वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. वडील जाऊन अकरा वर्षं झाली होती. त्यांच्या मृत्युपत्रात शेत, गुरं आणि घर फर्गलच्या नावे होतं. डेलियाला मरेपर्यंत आणि नुआलाला लग्न होईतो घरात राहण्याचा हक्क, एवढी एक ओळ शेवटी होती. फर्गल बायकोबरोबर, कार्मेलबरोबर, शहरात नव्या घरात राहायचा आणि गुरं बघायला इकडे यायचा. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. लेकाला शेत द्यायचं आणि बिनलग्नाच्या लेकीला म्हातारी माणसं द्यायची, अशीच वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली.

पुढच्या सोमवारी पॅकीच्या व्हॅनमधून ती टाइल्सच्या दुकानात गेली. तीन पॅरिशमधली, म्हणजे तीन चर्चच्या हद्दीतली, बहुतेक स्वयंपाकघरं पॅकीच्या हातची. जमिनीकडे बघून तो सांगायचा, या घरातली बाई प्रार्थना करते की नुसतीच फरशी घासते.

"ही बघ," पॅकीने पांढऱ्या चकचकीत टाइलवर टिचकी मारली. "सगळ्या हीच मागतात. मासिकात असते ना."

"पांढरी नको. आईला पांढऱ्यावर पांढरं दिसत नाही. भिंत कुठे संपली नि जमीन कुठे लागली, कळत नाही तिला. जमीन गडद हवी, भिंत सायीच्या रंगाची. आणि धरायचे दांडे निळे. निळा तिला अजून दिसतो."

पॅकीने पांढरी टाइल जागेवर ठेवून दिली. "चाळीस वर्षं फरश्या बसवतोय. डोळे गेलेल्या माणसासाठी रंग निवडणारी तू पहिली."

"आणि घसरायला नको."

"मग लहान टाइल घे. सांधे जास्त तितकी पकड जास्त. न्हाणीघराला उंबरा ठेवत नाही मी, जमिनीलाच उतार देतो. खुर्ची सरळ शॉवरखाली जाईल. सांध्यांत रंग कुठला भरू? पांढरा घेतलास तर जन्मभर दात घासायच्या ब्रशने घासत बसशील."

"मातकट भर."

"तुझ्याशी तेव्हाच लग्न करायला हवं होतं मी!"

"तेव्हा तू आलास खरा आमच्याकडे. पण गाय बघायला आला होतास. तिच्या खुरांपासून शिंगांपर्यंत सगळं विचारलंस, माझं नावही नाही विचारलंस."

दुकानातली मुलगी तोंड फिरवून हसली. पॅकीचे कान लाल झाले. नुआलाने स्वयंपाकघराला भाजक्या मातीची तांबडी फरशी निवडली, जुन्या रंगाच्या नात्यातली. कपाटांना मे महिन्यातल्या, गाई नव्या गवतावर चरतात तेव्हाच्या, लोण्यासारखा पिवळा. न्हाणीघराच्या फरशीचे मात्र तिने चार नमुने मागून घेतले, कारण ती ज्या पायांसाठी होती ते पाय घरी होते.

संध्याकाळच्या चहाआधी चारही तुकडे तिने चुलीपुढे मांडले. आईचे मोजे काढले.

"कसलं हे?"

"पाय ठेव नि सांग."

म्हातारीने पाऊल उचललं, पाण्याचा अदमास घेणाऱ्या बगळ्यासारखं, आणि एकेका तुकड्यावर टेकवलं. "ही नको, बर्फ आहे. ही साबण. ही... ही बरी आहे, पण गप्प बसते." चौथ्या तुकड्यावर अंगठा टेकला मात्र, तिचं तोंड उजळलं. हिरवट काळा, खरखरीत तुकडा होता तो. "अगं, ही गाईची जीभ! वासराला चाटते तशी. लहानपणी मी हात पुढे करायची गोठ्यात..."

"मग हीच घेऊ?"

आई लगेच बोलली नाही. पाय तसाच ठेवून बसली. मग म्हणाली, "घे. तुला आवडली असेल तर घे."

त्या वेळी नुआलाला त्या थांबण्यात काही दिसलं नाही.

मार्चमध्ये काम निघालं. मायलेकी पुढच्या खोलीत राहायला गेल्या. पाहुण्यांच्या कपबश्या आणि पूर्वजांचे फोटो यांच्यामध्ये एक शेगडी आणि दोन खाटा. धूळ दाराखालून आत यायची. नुआला मात्र खूश होती. भिंतीआड पॅकीचा कटर सुरू झाला की म्हणायची, "आई, ऐक, आपली फरशी."

स्वयंपाकघराचे खोके उघडले तेव्हा आत पांढऱ्या टाइल्स निघाल्या. मोठ्या, चकचकीत. कपाटं राखाडी आली. तिने फर्गलला फोन केला.

"माल संपला होता गं. त्यांनी दुसरा पाठवला. आता परत कुठे करत बसतेस, मिस्सा तोंडावर आलीय."

"बरं," नुआला म्हणाली. 'बरं' हा शब्द ती इतक्या वर्षांत इतक्या वेळा बोलली होती की तोही सिंकपुढच्या रंगासारखा झिजला होता. निदान न्हाणीघर आहे, असं तिने मनाला सांगितलं. गाईच्या जिभेच्या टाइल्स पॅकीने आधीच आणून व्हॅनमध्ये ठेवल्या होत्या. तिने स्वतः पाहिल्या होत्या.

दहा दिवसांनी न्हाणीघरासमोर एक टब येऊन पडला. उंच, पांढरा, नक्षीदार पायांचा. त्याच्या शेजारी पुन्हा चकचकीत पांढरे खोके. निळ्या दांड्यांचा पत्ता नव्हता.

"पॅकी, या टबात आईला चढवायचं कुणी?"

पॅकी सिमेंट कालवत राहिला.

"दांडे कुठे आहेत?"

"नकोत म्हणाला."

"कुणाला नकोत?"

पॅकीने थापी खाली ठेवली. त्याला फरशीचा उतार साधायचा, खोटं साधत नसे. "पाहुण्यांना. सुट्टीवर येणाऱ्यांना. जूनपासून घर भाड्याने द्यायचंय. दांडे फोटोत दिसले की म्हाताऱ्यांचं घर वाटतं, कार्मेल म्हणाली. मला वाटलं, तुला ठाऊक असेल. देवाशपथ, नुआला, मला वाटलं तूच कबूल झालीस."

"आणि आई?"

"शहरातल्या नर्सिंग होममध्ये तिचं नाव घातलंय म्हणे."

"आणि मी?"

"तू सही देणार आहेस म्हणाला. हक्कसोडीची. मिस्सा झाली की नाश्त्याला. शेजारी असतातच, साक्षीदार वेगळे शोधायला नकोत."

नुआला खोक्यावर बसली. तांबडी फरशी संपली नव्हती तर. तिला निवडायला लावलं होतं ते बाळाच्या हातात खुळखुळा देतात तसं, हात गुंतून राहावेत म्हणून.

ती उठली आणि पुढच्या खोलीत आली. आई खाटेवर जपमाळ घेऊन बसली होती.

"आई, फर्गल घर भाड्याने देतोय. तुला शहरात ठेवणार आहे." श्वास घेऊन तिने पुढचं वाक्य काढलं, कारण भाऊ गेला तर गेला, आई तरी आपली आहे, हे तिला ऐकायचं होतं. "तुला हे सांगितलं होतं त्याने?"

जपमाळेचे मणी थांबले.

"नाताळात," आई म्हणाली.

"नाताळात? आणि तू त्या टाइल्सवर पाय ठेवून... गाईची जीभ म्हणालीस..."

"ती होतीच गाईची जीभ." म्हाताऱ्या डोळ्यांतून पाणी आलं नाही, त्या डोळ्यांत आता तेवढं पाणीही नव्हतं. "मला वाटलं, निवडायचं सुख तरी मिळू दे पोरीला. जन्मात एकदा."

"आई!"

"लेकाला नाही कसं म्हणू गं? घर त्याचं. मी लग्न होऊन इथे आले, तेव्हा नॅन होती ना. तुझ्या वडिलांची बहीण. तिने सासूची पाच वर्षं उस्तवार केली होती. मी यायच्या आदल्या दिवशी तिला बोटीने इंग्लंडला धाडलं, कुणाच्या तरी घरी कामाला. तिच्याच उशीवर डोकं ठेवून मी झोपले. नॅनला कुणी विचारलं होतं?"

"तुला वाईट नाही वाटलं?"

"उशी ओली होती," आई म्हणाली. "मी उलटी करून घेतली."

भावाने फसवलं तर माणूस आईकडे जातो. आईने फसवलं तर कुठे जायचं, हे कुणी नुआलाला शिकवलं नव्हतं. आणि तरी आईचे मोजे घसरलेले दिसले, ते तिने वाकून वर ओढले. मग ती परत न्हाणीघरात गेली.

"पॅकी, आपल्या टाइल्स आहेत का अजून व्हॅनमध्ये?"

"आहेत. उद्या परत करायच्या होत्या."

"करू नकोस. त्याच बसव. उतार दे. दांडे आण. आणि हा टब बाहेर गोठ्याकडे ठेव, वासरं पाणी पितील."

"फर्गल माझा गळा धरील."

"धरला तर सांग, या घरात राहते तिने सांगितलं."

पॅकीने टोपी मागे सारून डोकं खाजवलं. मग व्हॅनकडे गेला. स्वयंपाकघर पांढरं झालं ते झालं. टब मिस्सेपर्यंत ताडपत्रीखाली राहिला. न्हाणीघराला त्याने कुलूप लावलं आणि फर्गलने विचारलं की सांगे, सांधे ओले आहेत, पाय ठेवू नका.

एप्रिलातल्या त्या सकाळी पुढचं दार उघडलं. फादर टूही आले, शेजारी आले. बूट पुसून पुसून आत आले आणि पांढऱ्या फरशीवर गोठलेल्या तळ्यावर चालावं तसे जपून चालू लागले.

"ऑपरेशन कुणाचं आहे?" कोपऱ्यातून कुणीतरी पुटपुटलं, आणि बायकांनी पदर नसताना पदर तोंडाला लावल्यासारखं केलं. समोरच्या घरातली टीझी मात्र हसली नाही. ती आपल्या घरच्या खुर्च्या घेऊन आली होती. टेबलावर पांढरं कापड, दोन मेणबत्त्या. फादरनी मिस्सा केली. डेलियाला खुर्चीत बसवलं होतं. पांढऱ्यात तिला काहीच दिसत नव्हतं, ती आवाजांकडे तोंड फिरवत होती.

मग किटली चढली, सोडा-ब्रेड कापला गेला, अंडी आली. न्हाणीघराचं कुलूप पॅकीने सकाळीच काढलं होतं. कार्मेल पाहुण्यांना ते दाखवायला उत्साहाने उठली. परत आली तेव्हा तिचा चेहरा भिंतीशी जुळत होता. ती फर्गलच्या कानाशी वाकली. फर्गलचं हसू तोंडावर तसंच राहिलं, भिंतीवर विसरलेल्या कॅलेंडरसारखं. पण माणसं जमलेली होती, पुन्हा कधी जमणार? त्याने खिशातून कागद काढला.

"नुआला, एक छोटीशी सही आहे. वकिलाकडची. नुसता रिवाज. टीझी, तू साक्षीला ये."

"वाचून दाखव ना," नुआला म्हणाली. ती सिंकपाशी उभी होती, डाव्या पायावर.

"आता सगळ्यांसमोर कशाला..."

"सगळ्यांसमोर तूच काढलास."

किटली उतरवायला कुणी उठलं नाही.

"अगं, तुझ्याच भल्याचं आहे," कार्मेल पुढे झाली. "शहरात खोली बघितलीय तुझ्यासाठी. बेकरीच्या वर. आईला रोज भेटशील. ऊन येतं चांगलं. तू काय, एकटा जीव."

"ऊन इथेही येतं, कार्मेल." तिने हात पुसले. "फर्गल, तू मला फरशी निवडायला सांगितलंस. मी आईचे पाय बघून निवडली, ती तू माझ्या पाठीमागे बदललीस. वर मला म्हणालास, माल संपला. संपलं होतं ते आपलं इथलं राहणं, माल नव्हता संपला. सरळ विचारलं असतंस तर कदाचित मी 'बरं' म्हणाले असते. मला सवय आहे. पण नॅनआत्याला कुणी विचारलं नव्हतं, आणि मला तू आज विचारतोयस. म्हणून सांगते. नाही. मी सही करणार नाही. मी इथे राहणार, आणि आईने इथेच अंघोळ करायची."

"बाबांची इच्छा होती..."

"बाबांनी एक ओळ माझ्यासाठी लिहिली. एकच. ती मी नाही खोडणार."

फर्गलने फादरकडे पाहिलं. फादरनी चहात साखर घातली आणि ढवळत राहिले. ते साखर घेत नसत, हे सगळ्या वाडीला ठाऊक होतं.

पेन टेबलावर टीझीपुढे पडलं होतं. टीझीने वीस वर्षांपूर्वी अशाच एका कागदावर अशाच नाश्त्याला सही केली होती, आणि तिच्या माहेरच्या घराच्या खिडक्यांत आता भावाच्या सुनेचे पडदे होते. तिने पेन उचललं. टोपण लावलं. आणि आपल्या जाकिटाच्या खिशात टाकून दिलं.

"चहा गार होतोय," ती म्हणाली.

त्या स्वयंपाकघरात सात बायका होत्या. भावाची माया राहावी म्हणून, आई दुखावू नये म्हणून, जग काय म्हणेल म्हणून त्यांतल्या कितींनी आपापल्या ओळी खोडून दिल्या होत्या, ते मोजायला नको. त्या दिवशी त्या एकमेकींकडे पाहत होत्या. पुरुषांनी खाली पाहिलं. खाली चकचकीत पांढरी फरशी होती. तिच्यात ज्याचं त्याला स्वतःचं तोंड दिसत होतं.

माणसं पांगली. फर्गलची गाडी जोराने गेली आणि त्यानंतर बरेच आठवडे ती मागच्या दाराशी आली नाही. दुपारचं ऊन न्हाणीघराच्या खिडकीतून आत उतरलं तेव्हा नुआलाने आईचे मोजे काढले आणि तिला उंबरा नसलेल्या दारातून हळूच आत नेलं. डेलियाचं पाऊल फरशीवर टेकलं, थबकलं, घट्ट बसलं. हात चाचपडत पुढे गेला आणि त्याला निळा दांडा सापडला.

"दिसतोय," ती म्हणाली. "निळा."

नुआलाने पाणी सोडलं. गुडघे टेकून बसली. आई काही तरी गुणगुणू लागली, लेकाच्या नावाची, इथपर्यंत येऊन गप्प झाली.

"माझ्यावर रागावलीस का गं, पोरी?"

पाणी वाहत राहिलं. मातकट सांध्यांतून वाट काढत उताराने खाली जात राहिलं.

"हो, आई," नुआला म्हणाली. "पाय उचल."